तुरट चवीची गोष्ट

या रे, ओट्यावर या सगळे. पंखा राहू दे, वारं सुटलंय. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाचीही नाही. आज आपल्या धाकटीच्या रुमालाची गोष्ट. रुमाल वीतभर आहे, पण गोष्ट पार सिंधू नदीपर्यंत जाते, तेव्हा मध्येच कुणी पेंगायचं नाही.

परवा धाकटीनं आजीकडून एक बीट मागून घेतलं. किसलं, पातेल्यात उकळलं, गाळलं आणि मांजरपाटाचा एक तुकडा त्यात तासभर बुडवून ठेवला. बाहेर काढला तेव्हा काय रंग होता! जांभळट गुलाबी, अगदी आजीच्या लग्नातल्या शालूसारखा. घरभर मिरवून आली. संध्याकाळी तिनं तो नळाखाली धरला. आधी पाणी गुलाबी झालं, मग रुमाल फिका पडला, आणि थोड्या वेळानं रुमालही कोरा, पाणीही कोरं. ओला रुमाल मुठीत धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, रंग तर खराच होता. मग तो माझ्याकडे राहिला का नाही?"

या एका प्रश्नापायी रंगाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या झिजल्या, बाळांनो. झाडातून रंग काढणं मुळीच अवघड नाही. पाणी आणि चूल असली की निघतो. तो कापसावर राहायला लावणं, ही खरी विद्या.

मी तिला माझा बागेतला जुना सदरा दाखवला. त्याच्या बाहीवर केळीच्या चिकाचा डाग आहे. केळीचा घड उतरवताना पडला होता, तेव्हा तुमचे बाबा शाळेत होते. आजीनं त्यावर किती साबण झिजवले, पण डाग होता तसाच आहे. त्याच सदऱ्यावर एकदा हळद घातलेल्या भाजीचा रस्साही सांडला होता. तो डाग साबण लावताच लाल झाला, मग पुन्हा पिवळा, आणि दोन दिवस कडक उन्हात वाळत घातल्यावर नाहीसा झाला. म्हणजे बघा, बीट पाण्यानं गेलं, हळद उन्हानं गेली, आणि केळ कशानंच गेलं नाही. तिघंही झाडाचेच रंग. मग कापसानं एकालाच असं का धरून ठेवलं?

आधी कापूस म्हणजे काय ते समजून घ्या. कापसाचा धागा हा साखरेच्या रेणूंचा हार आहे. ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागे एक ओवायचे, की सेल्युलोज होतं. गोड लागत नाही, कारण हे मणी फार पक्के ओवलेले असतात आणि आपल्या पोटाला ती गाठ सोडवता येत नाही. गाईला मात्र येते, तिच्या पोटातल्या जिवाणूंच्या मदतीनं. असे हार शेजारी शेजारी, घट्ट पडून असतात. लोकर आणि रेशीम वेगळ्या कुळातले. ते प्राण्यांचे, प्रथिनांचे. प्रथिनाला रंग धरायला पुष्कळ हात असतात. मेंदी आठवा. हातावर रंगते आणि आठवडाभर हटत नाही, कारण आपली कातडीही प्रथिनाचीच. तीच मेंदी सुती पंच्याला लागली, तर धुतल्यावर मळकट पिवळी खूण तेवढी उरते. कापूस शांत स्वभावाचा. कुणाशी भांडत नाही, पण पटकन मैत्रीही करत नाही.

त्यात कोऱ्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो. बोंडातून काढलेला कापूस पाण्यावर टाकला, की तो बुडायला तयार नसतो. शिवाय कोऱ्या कापडाला मागावर खळ लावलेली असते. म्हणून पहिलं काम, कापड धुणं. आम्ही दुसरा मांजरपाट घेतला, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळला. पाणी चहासारखं झालं. थोरला म्हणाला, "आजोबा, हा तर दिसायला स्वच्छ होता!" दिसायला होता. मग मी त्याला वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकायला लावला. उकळण्याआधी थेंब मोत्यासारखा वर बसला होता, आता टाकल्याबरोबर आत गेला. रंगाऱ्याचं अर्धं यश या थेंबात असतं.

आता खरी गंमत. मी कोनाड्यातून हिरडा काढला, फोडला आणि प्रत्येकाला नखाएवढा तुकडा चघळायला दिला. तोंडं बघायला हवी होती! जीभ कोरडी, गाल आत ओढलेले. त्यावर पाणी प्यायल्यावर ते गोड लागलं, तेव्हा कुठे सगळे हसले. ही चव कोणती? तुरट. आपल्याकडे जेवणात सहा रस मानतात, आणि सहावा हा. जिभेला तुरट का लागतं माहीत आहे? हिरड्यात टॅनिन नावाची द्रव्यं ठासून भरलेली असतात, फळाच्या वाळलेल्या गराचा जवळपास तिसरा हिस्सा. ती तोंडात गेली, की लाळेतल्या प्रथिनांना गच्च धरतात. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. तुरट म्हणजे खरं तर चवीपेक्षा पकडच. जी पकड जिभेला कळते, तीच कापसालाही लागते. केळीच्या चिकातही हीच तुरट द्रव्यं. आता त्या डागाचं कोडं सुटलं की नाही?

आणि दुसरं नाव ऐका: तुरटी. दाढी झाल्यावर मी गालावर फिरवतो तो पांढरा खडा. तिचं नावच चवीवरून पडलं. तिच्यात ॲल्युमिनियम असतं. पण ॲल्युमिनियम हा धातू वेगळा काढला गेला तो 1825 साली, डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं. त्याच्या कित्येक हजार वर्षं आधीपासून रंगारी तुरटी वापरत होते. धातूचं नाव ठाऊक नव्हतं, पण काम ठाऊक होतं. हे मला फार मोठं वाटतं, बाळांनो. प्रयोगशाळा नाही, तराजूही धड नाही, पण जीभ, बोटं आणि डोळे यांच्या भरवशावर त्यांनी रसायन ओळखलं.

तुम्ही अंगणात साखळी खेळता ना? राज्य असलेला एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात. इथे तोच खेळ. कापूस आणि रंग यांचे हात एकमेकांना पोचत नाहीत. मधे हिरडा येतो आणि कापसाचा हात धरतो. हिरड्याचा दुसरा हात तुरटीतलं ॲल्युमिनियम धरतं. ॲल्युमिनियमला हात पुष्कळ, म्हणून ते रंगालाही पकडतं. आणि साखळी पुरी झाली, की तिचा पाण्यात न विरघळणारा गठ्ठा होतो, तोही धाग्याच्या आत. बाहेरून पाणी कितीही आलं, तरी तो गठ्ठा दारातून मावत नाही.

आमचा हिशेब असा होता. वाळलेलं कापड शंभर ग्रॅम, तर हिरड्याची पूड वीस ग्रॅम. ती कोमट पाण्यात रात्रभर भिजवायची आणि गाळून त्यात कापड बुडवायचं. बाहेर काढून पिळायचं, पण धुवायचं नाही, तसंच वाळवायचं. इथे थोरल्यानं घाई केली आणि खळबळून टाकलं, म्हणून त्याचा तुकडा पुढे फिका आला. मग पंधरा ग्रॅम तुरटी कढत पाण्यात विरघळवून तिच्यात कापड काही तास ठेवायचं, पुन्हा वाळवायचं आणि एक दिवस तसंच राहू द्यायचं. थांबणं हेही यातलं कामच. तोपर्यंत डाळिंबाची वाळलेली साल, कापडाच्या वजनाइतकी, भिजत पडलेली असते. ती उकळून गाळायची. मग मंद आचेवर, खदखदू न देता, तासभर कापड त्यात हलवत राहायचं. पातेलं स्टीलचं किंवा कल्हईचं, आणि रंगासाठी वेगळं ठेवलेलं. ते स्वयंपाकाला पुन्हा घ्यायचं नाही, आणि चुलीपाशी मोठं माणूस हवंच.

आजी म्हणाली, डाळिंबाची साल स्वतःच इतकी तुरट असते, मग तिला हिरडा कशाला? बरोबर आहे. डाळिंबाला नसता घातला तरी चाललं असतं. पण मला मुलांना साखळी दाखवायची होती. आणि मंजिष्ठेच्या मुळांतल्या लाल रंगासारख्या रंगांना तो लागतोच.

हो, पाण्याचं सांगायचं राहिलं. आधी मी वाटीभर पाण्यात चिमूटभर हिरडापूड टाकून बघितलं. आपल्या विहिरीचं पाणी पिवळसर राहिलं. शेतातल्या बोअरचं मात्र काळपट झालं. म्हणजे त्यात लोखंड आहे. लोखंड आणि टॅनिन भेटले, की काळं होतं. विळीवर कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडतं, लोखंडी कढईत आवळा काळा होतो, ते याचमुळे. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची शाई करून लोकांनी शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या.

या लोखंडापायी एका गावातली कितीतरी घरं हलली आहेत. कच्छमध्ये धमडका नावाचं गाव आहे. तिथले खत्री कारागीर अजरख छापतात, निळं-लाल, चांदण्यांच्या जाळीसारखं कापड. हिरडा, तुरटी, मंजिष्ठा, नीळ, गंजलेलं लोखंड आणि गूळ, सगळं त्यांच्या घरात. एका कापडाला चौदा-सोळा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला धुणं. आधीच तिथली नदी आटत चालली होती. त्यात 2001 च्या जानेवारीत भूकंप झाला, घरं पडली आणि जमिनीखालच्या पाण्यातलं लोखंड वाढलं. रंग बिघडू लागले. मग पुष्कळ कुटुंबांनी भुजजवळ नवी जागा घेऊन नवं गाव वसवलं आणि त्याला कलेचंच नाव दिलं, अजरखपूर. रंग नीट यावा म्हणून गाव बदलणारी माणसं! मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता तुम्हाला सिंधूकाठी नेतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीचं एक भांडं सापडलं. त्याला कापडाचा अगदी लहानसा तुकडा चिकटलेला होता. कापूस मातीत कुजतो, चार हजारांहून जास्त वर्षं कशाला टिकेल? पण चांदी गंजताना जे क्षार होतात, ते जिवाणूंना मारतात. त्या क्षारांनी तो तुकडा जपून ठेवला. तपासणी कुठे झाली असेल? आपल्या मुंबईत. माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा होती, तिथे टर्नर आणि गुलाटी यांनी 1920च्या दशकात ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कापूसच निघाला. आणि त्यावर रंग होता, मंजिष्ठेच्या कुळातला.

जरा थांबा इथे. मंजिष्ठा नुसती उकळली तर कापसावर टिकत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. मधला दुवा कुणीतरी घातल्याखेरीज तो रंग त्या धाग्यावर राहिलाच नसता. म्हणजे सिंधूकाठच्या कुठल्याशा अंगणात कुणी बाई, कुणी बुवा, कुणी तुमच्याएवढं पोर, कापड भिजवत होतं, वाळवत होतं, थांबत होतं. त्यांची लिपी आपल्याला अजून वाचता येत नाही. पण त्या चिमूटभर धाग्यावरून एवढं कळतं, की धाकटीचा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि त्यांनी तो सोडवला होता.

कापसावरच्या रंगाचं हे गुपित युरोपातल्या लोकांना उमजायला फार काळ लागला. आपलं छापील कापड युरोपात गेलं, तेव्हा तिथले लोक ते पुन्हा पुन्हा धुऊन बघत आणि थक्क होत. रंग जाईना! 1742 साली केर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांना विचारून विचारून सगळी कृती लिहून काढली आणि पत्रानं मायदेशी धाडली. त्या पत्रात हिरडा आहे आणि म्हशीचं दूधही आहे. हिरड्याच्या पाण्यात दूध घातलं, की कलमानं काढलेली रेघ कापडावर फुटत नाही. आंध्रातल्या श्रीकालहस्तीचे कलमकारीवाले अजूनही दूध घालतात.

आपल्या बाजूचा लाल रंग आलीचा. बारतोंडी म्हणतात ते हे झाड. विदर्भ-माळव्याच्या काळ्या जमिनीत आल लावत, काही वर्षांनी खणून मुळं काढत आणि मुळांच्या सालीतून लाल काढत. जाड लाल खारवा त्यातला. 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळातलं ॲलिझरिन डांबरातल्या द्रव्यापासून बनवलं. स्वस्त लाल रंग बाजारात आला आणि मंजिष्ठेसारखीच आलीची शेतीही मोडली. त्या दोघांना मी दोष देत नाही. रेणूचा नकाशा शोधून तो हातानं बांधणं, ही माणसाच्या बुद्धीची मोठी झेप होती. पण शेतकरी, मुळं कुटणाऱ्या बाया, रंगारी, सगळ्यांच्या हातातलं काम एकदम गेलं, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी माहितीही गेली. ती कुणी लिहून ठेवली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

थोरल्याचा प्रश्न होता, निळ्याला पण हिरडा लागतो का? नाही रे. नीळ साखळी खेळत नाही, ती लपाछपी खेळते. निळीच्या झाडाची पानं हिरवी, निळ्याचा मागमूस नाही. पानं पाण्यात आंबवली, की त्यांतलं द्रव्य सुटं होतं, आणि ते पाणी घुसळून घुसळून हवा दिली, की तळाला निळा गाळ बसतो. पण हा गाळ पाण्यात विरघळत नाही, मग धाग्यात शिरणार कसा? म्हणून रांजणात चुना आणि गूळ घालून पुन्हा आंबवायचं. दक्षिणेत त्यात टाकळ्याचं बी शिजवून घालत. हो, पावसाळ्यात आजी ज्याची भाजी करते तोच टाकळा. जिवाणू ते खातात आणि रांजणातला प्राणवायू संपवतात. निळीचा निळेपणा उतरतो, ती पिवळट हिरवी होते आणि विरघळते. आता कापड बुडवा. बाहेर काढाल तेव्हा ते हिरवट असेल, आणि बघता बघता, तुमच्या डोळ्यांसमोर, हवेतला प्राणवायू घेऊन निळं होईल. विरघळून आत शिरलेली नीळ आतच घट्ट झाली, आता बाहेर कशी येणार? मी तरुणपणी एका रंगशाळेत हे पहिल्यांदा पाहिलं आणि तो दिवस अजून विसरलेलो नाही.

झाडाचा रंग म्हणजे आपोआप चांगला, असं मात्र समजू नका. तांब्याचे आणि क्रोमचे क्षार वापरूनही झाडाचा रंग पक्का करता येतो, आणि ते पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात. मंजिष्ठेचा वेल मुळासकट उपटला, तर पुढच्या वर्षी काय उपटणार? पाणी तापवायला जळण लागतं, तेही कुठल्यातरी झाडाचंच. म्हणून मी तुम्हाला डाळिंबाची साल दिली. सोलापूर-नाशिककडे डाळिंब पिकतं, दाणे आपण खातो, साल उकिरड्यावर जाते. लासलगावच्या बाजारात कांद्याची टरफलं वाऱ्यावर उडत असतात, त्यांतून नारिंगी-पिवळा निघतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूची तोरणं सुकून लोंबतात, त्यांचा पिवळा किती सुंदर! सागाची कोवळी पानं चोळून तुम्ही हात लाल करता, ती दोन-चारच तोडा, झाडाला कळणारही नाही. आणि हिरड्याचं, तुरटीचं पाणी एकदाच वापरून फेकायचं नसतं. त्यात थोडी भर घालून पुढचं कापड घालायचं.

तर धाकटीचा रुमाल. पातेल्यातून काढला तेव्हा मोहरीच्या फुलांपेक्षा थोडा गडद, जुन्या सोन्यासारखा पिवळा. बीटाइतका झगझगीत नव्हता, त्यामुळे तिचं तोंड जरा उतरलं. सावलीत वाळवला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तो नळाखाली धरला. पहिलं पाणी किंचित पिवळं आलं. दुसरं नितळ. तिसऱ्यांदा तिनं साबण लावला, चोळला, उजेडात धरून बघितला आणि काही न बोलता दोरीवर टाकला.

दोरी गंजक्या खिळ्याला बांधलेली. रात्री पाऊस शिंतडला आणि सकाळी रुमालाच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. मला वाटलं, आता रडणार. पण ती तो ठिपका बोटानं चाचपत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे विळीवरच्या केळ्यासारखं झालं ना?" मग थोरल्याला घेऊन गोठ्यामागून जुने खिळे, नालांचे तुकडे, तुटकी बिजागरी गोळा करून आणली. माठात पाणी, गुळाचा खडा आणि हे सगळं लोखंड घातलं. कच्छचे कारागीर काळा रंग असाच करतात. पंधरा-वीस दिवस थांबावं लागतं. आज नववा दिवस. वर फेस आलाय, आंबूस वास सुटलाय, आणि ती रोज सकाळी दात घासायच्या आधी झाकण उघडून बघते. बांबूची काडी तासून, टोकाला चिंधी गुंडाळून तिनं कलमही करून ठेवलंय.